धवलारिणीचा हात

बाहेर

सीताबाई धवलारीण. लग्नात भटजीच्या आधी तीच धवले गाऊन देवांना बोलावते आणि तांदळाच्या पिठाने चौक रेखते. शेलारपासून वडप्यापर्यंत तिच्या चौकाशिवाय हळद लागत नाही. पण लग्नं वर्षभर नसतात, पोट वर्षभर असतं. म्हणून ती वडप्याच्या गोडाऊनात झाडू मारते. तिथे कीटकनाशकाची पोती उतरतात, फाटतात, सांडतात. सांडलेली पावडर सीताबाई भरते. मास्क पदराचा, हातमोजे देवाने जन्मतः दिलेले.

"खरा मास्क हाय का रं?" तिने एकदा विचारलं.

"हाय ना मावशी," सुपरवायझर प्रितेश म्हणाला. "साहेब तपासायला येतात त्या दिवसाला. आणि हे किड्यांचं औषध. तुम्ही काय किडा हाव?"

सीताबाईला पटलं. पुडी बांधून तिने ढेकणांसाठी घरीही नेली. ढेकूण मेले, ती मेली नाही. प्रितेशचं म्हणणं सिद्ध झालं.

आत

नस स्नायूला निरोप देते: हल. निरोप रसायनातून जातो आणि पोचला की पुसावा लागतो. पुसणारं एक विकर असतं, शरीराचा झाडूवालाच. हे औषध त्याचेच हात बांधतं. मग निरोप वाजतच राहतो: हल, हल, हल. घाम फुटतो, लाळ सुटते, नजर धुरकटते, बोटं थरथरतात. किड्याची नस आणि माणसाची नस यांत औषध भेद करत नाही. एवढी समता गावात दुसरीकडे कुठे नाही.

बाहेर

क्षितिजाची हळद. तिचा बाप केसरीनाथ, गोडाऊनची जमीन त्याचीच. धवला सुरू करून सीताबाईने पिठाची चिमूट सोडली. रेघ गांडुळासारखी निघाली. पुसली. दुसरीही तशीच. वाकडा चौक म्हणजे वाकडा संसार. असा चौक एकदा पडला की धवलारिणीला पुढचं आवतण येत नाही.

"सकाळीच घेतलीस का गो?" केसरीनाथची आई, आक्का.

"घेतली न्हाय आक्का, हुंगली. तुमच्याच गोडाऊनात."

"अंगात आलंय तिच्या, हळद लावा!" बायकांतली कमळा ओरडली. लावली. आता पिवळा हात कापू लागला.

केसरीनाथ कावला. "दुसरी धवलारीण बोलवा!"

"सुरू झालेला धवला तोडतोस? पोरीच्या हळदीत अपशकुन?" सीताबाई म्हणाली.

तो चौकाजवळ परत आला.

"बस खाली. तुझा हात कापत न्हाय. गोडाऊनात भाड्याशिवाय कधी गेलायस तू? पीठ घे. मी सांगते, तू रेख."

कडक इस्त्रीतला मालक ओणवा झाला. रेघ सरळ आली. "काय हात हाय!" बायका हरखल्या.

सीताबाईने आपला हात मांडीखाली दाबला आणि आवतणं सुरू केली. गावदेवी आली, वज्रेश्वरी आली, एकवीरा आली. मग सूर न मोडता:

पोत्यातले पावडरी, तुला आवतान गो,
मालकाचे ओटीवर तुझा पयला मान गो.

केसरीनाथने मान वर केली. धवला तोडता येत नव्हता, चौक अर्धा सोडता येत नव्हता. पुढच्या कडव्यात प्रितेशला आवतण गेलं, त्याच्या पुढच्यात साहेबांना, आणि बायका सवयीने प्रत्येक ओळ दोनदा म्हणत राहिल्या.