भिंतीवरचे पणजोबा

बाबा गेले त्या खोलीला दादाने सहा महिन्यांत असं काही नटवलं, की बाबा परत आले असते तर 'चुकलं, शेजारी विचारतो' म्हणून दारातूनच मागे फिरले असते.

खोली केवढीशी! पलंग आणि कपाट ठेवलं की माणसाने अंग चोरून चालायचं. त्यात आता जांभळ्या मखमलीचा कोच, त्यावर वाघांच्या उशा, गालिच्यावर गालिचा, आणि चारही भिंतींना गडद हिरवा वॉलपेपर, त्यावर कोंबडीएवढाले मोर. भिंतभर घड्याळं, पण चालू एकही नाही. ग्रामोफोनला कर्णा आहे, सुई नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तर इथे घोडंसुद्धा होतं. लाकडाचं, एका डोळ्याचं, आणि त्याच्या डोक्यावर दिवा.

वहिनी याला व्हिंटेज म्हणते. रिकामी भिंत म्हणजे मनाचं दारिद्र्य, असं तिने कुठेतरी वाचलंय. माझं मत कोणी विचारलं नाही. नणंदेचं मत कोणी विचारत नाही, म्हणून ती ते द्यायची थोडीच थांबते.

आईचं मागणं मात्र एवढंच होतं, की बाबांचा फोटो या खोलीत लागावा. शेवटची चार वर्षं ते इथे झोपून होते आणि ती त्यांच्या उशाशी. फोटो त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीचा. पाणीपुरवठा खात्यातल्या साहेबांचं कोपर कडेला आलेलं, बाबांच्या अंगात पोपटी टेरिकॉटचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर 'झालं का काढून?' असं विचारणारं हसू. वहिनी म्हणाली, "फोटो गोडच आहे हो आई, पण त्याचे रंग फार अंगावर येतात." आणि हे ती त्या मोरांसमोर उभी राहून म्हणाली.

भिंतीवरची मोक्याची जागा एका मिशीवाल्याने अडवली होती. मोठी लाकडी चौकट, पिवळट पडलेला फोटो, कोटाला साखळीचं घड्याळ. जुन्या सामानाच्या दुकानातून दादाने उचलून आणलेला, कोणाचा कोण माहीत नाही. कानामागून आला आणि तिखट झाला. आल्यागेल्याला दादा त्याची 'आमचे पणजोबा' अशी ओळख करून द्यायचा, आणि सांगून सांगून त्याला स्वतःलाच नाकात साम्य दिसायला लागलं होतं. आमचे खरे पणजोबा दुसऱ्यांची गुरं राखायचे. त्यांचा फोटो काढायला कोण जातंय?

घरसजावटीच्या मासिकाची बाई यायची होती, त्या सकाळी मी माहेरीच होते. आई टॉवेलात गुंडाळलेला फोटो घेऊन खोलीच्या दारात आली.

"आज तरी लाव रे. कोपऱ्यात लावलास तरी चालेल."

"आई, ती बाई जाऊ दे. मग बघू."

हे 'मग बघू' मी बाबा गेल्यापासून ऐकत होते. माझं डोकं फिरलं, पण आईने मला नजरेनेच गप्प केलं आणि ती फोटो मांडीवर घेऊन कोचाच्या टोकाला बसली.

बाई आली आणि हरखूनच गेली. खोलीतली प्रत्येक वस्तू घराण्यातली आहे, अशी थाप दादाने तिला फोनवरच मारून ठेवली होती. फिरता फिरता ती मिशीवाल्यासमोर थांबली.

"आजी, हे कोण?"

दादा तोंड उघडतोय तोवर आई म्हणाली, "आमचे हे."

हिशेब केला असता तर तो गृहस्थ आईच्या आजोबांच्या वयाचा निघाला असता. पण त्या बाईच्या लेखी जुनं तेवढं सगळं एकाच काळातलं.

"म्हणजे सर, हे तुमचे वडील?" बाईचे डोळे चमकले. "वडिलांच्या आठवणीत मुलाने सजवलेली खोली. मग मी तुम्हाला मुखपृष्ठावरच घेते."

"सांग ना त्यांना," आई म्हणाली. "वडिलांची ओळख मुलानेच करून द्यावी."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच वाट बघत होती. दादाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनी उशा सारख्या करत होती.

"हो," दादा म्हणाला. "आमचे बाबा." आणि आवाज जरा सापडल्यावर, "फार रुबाबदार होते."

मला त्याची इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाईने त्याला मिशीवाल्याच्या खाली उभं केलं, हनुवटी वर करायला लावली आणि म्हणाली, "अगदी वडिलांवर गेलात हो."

आई उठली. घोड्याला वळसा घालून, गालिच्यांवरून जपून पाय टाकत माझ्यापाशी आली.

"माझे कपडे भर. मी तुझ्याकडे येतेय."

"आई, अगं कुठे निघालीस?" दादाने हनुवटी खाली न आणताच विचारलं.

"तुझे वडील राहू देत तुझ्या भिंतीवर," टॉवेल नीट गुंडाळत आई म्हणाली. "माझा नवरा मी घेऊन जाते."