डब्याचा सत्कार

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. निदान वरून तरी. माझ्या पोटात वायरी आणि बॅटरी आहे, खाली चार चाकं आहेत आणि पुढच्या बाजूला दोन गोल डोळे आहेत. म्हणून मला रोबो म्हणतात. पण कुठल्याही शाळेत गेलो की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, ह्यात बिस्किटं हाईत?" आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

माझा जन्म इचलकरंजीचा. फक्रुद्दीनचाचा तिथं यंत्रमाग दुरुस्त करतात. त्यांची मुलगी अफसाना इंजिनिअर झाली आणि शाळाशाळांत जाऊन पोरांना कोडिंगची गोडी लावायचं तिनं मनावर घेतलं. चाचा म्हणाले, "नुसतं बोलून पोरं ऐकत न्हाईत. काहीतरी हलणारं दाखव की!" मग त्यांनी घरातला डबा रिकामा केला, त्याला चाकं बसवली आणि अफसानानं माझं डोकं बसवलं. त्या डब्यात चाचीचे सुई-दोरे होते. चाची अजून माझ्याकडं नीट बघत नाहीत.

माझं काम सोपं आहे. पोरांनी मोबाईलवर आज्ञांचे ठोकळे एकाखाली एक लावायचे, हिरवं बटण दाबायचं आणि मी तसं वागायचं. पुढं, मागं, गोल फिर, थांब. सांगाल तेवढंच करणार. कमी नाही, जास्त नाही. आणि इथंच आपल्याकडच्या पोरांची पंचाईत होते. आपल्याकडं पत्ता विचारला तर काय सांगतात? "असं सरळ जावा की, लांब न्हाय, हितंच हाय!" आता 'हितंच' म्हणजे किती, हे माझ्यासारख्यानं कुणाला विचारायचं?

अफसानानं मला एक शिस्त मात्र पक्की लावली आहे. पुढं जाताना डोळ्यांसमोर काही आडवं आलं, की थांबायचं. हे ती प्रत्येक शाळेत पोरांनाही आधीच सांगते. कळंब्याच्या एका शाळेत पोरांनी 'पुढं' सांगितलं आणि 'थांब' सांगायला विसरले. मी वर्गातून निघालो, मैदान ओलांडलं आणि थेट रस्त्यावर गेलो. तिथं एक म्हैस उभी होती. मी थांबलो. ती तर थांबलेलीच होती. ती हलेना म्हणून मी हलेना. शेवटी म्हशीचा मालक आला आणि हसून हसून खाली बसला. शिस्त म्हणजे शिस्त, त्यात हसण्यासारखं काय होतं?

पण मित्रांनो, ह्याच शिस्तीनं मलकापूरजवळच्या एका गावात माझी पार अब्रू जायची वेळ आली होती.

त्या गावच्या शाळेत एक चांगली खोली होती, पण तिच्यात जनावरांच्या पेंडेची पोती रचलेली होती. ती पोती गावच्या दूध डेअरीची. डेअरीचे चेअरमन बाळासो आण्णा आणि शाळा समितीचे अध्यक्षही तेच. त्यामुळं तक्रार करायची तर कुणाकडं? दर शनिवारी कोडिंगचा वर्ग भरवायला अफसानाला ती खोली हवी होती. तिच्याहून जास्त ती हवी होती सातवीतल्या अनुजाला. शहरातल्या क्लासला तिला कोण पाठवणार? गावात वर्ग निघाला तरच तिचं शिकणं होणार होतं.

आण्णांनी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्यो डबा आमच्या पोरांच्या सांगण्यानं चालला, तर खोली तुमची. न्हाय चालला, तर पेंड हाय तितंच ऱ्हाईल!"

एवढं बोलून त्यांनी माझा सत्कार केला. झेंडूचा हार, तोही माणसाच्या मापाचा! माझ्याभोवती त्याचे दोन वेढे बसले आणि उरलेलं टोक जमिनीवर लोळायला लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा समोरच्या खुर्चीत ऐटीत बसले आणि हाराचं ते टोक त्यांच्या पायताणाखाली गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या पोरानं आज्ञा दिली, पुढं. मी हललो नाही. कसा हलणार? माझ्या डोळ्यांसमोर भलामोठा झेंडू! दुसऱ्यानं बटण दाबलं, तिसऱ्यानं दाबलं, एकानं तर माझ्या डोक्यावर टपली मारली. मी ढिम्म.

"पावणं रुसलं वाटतं!" मागून कुणीतरी बोललं आणि सगळा व्हरांडा हसला. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! पत्रा तापल्यासारखा झाला.

अफसानाला कारण लगेच कळलं. ती हार काढायला वाकली, तोच मुख्याध्यापक गणपतराव तिच्या कानाशी आले. "मॅडम, हाराला हात लावू नका. आण्णांनी घातलेला हार दुसऱ्यानं काढलेला त्यांना खपत न्हाय. मागं एकदा असंच झालं, तर जेवायला थांबले न्हाईत." बिचारी वाकलेली तशीच सरळ झाली. मग तिनं पोरांनाच विचारलं, "हा का थांबला असेल रे?"

आण्णा खुर्चीतून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात अनुजा म्हणाली, "त्यो बिघडल्याला न्हाय मॅडम. आडवं आलं की थांब, असं तुम्हीच सांगिटलंय न्हवं त्येला? त्येच्या डोळ्याफुडं फुलं हाईत."

"मग आता?"

अनुजानं एकदा हाराकडं आणि एकदा आण्णांच्या पायाकडं पाहिलं. "सत्कार झाला की पावणं आपला हार आपणच काढत्यात की. ह्येला हात न्हाईत, पण चाकं हाईत. आण्णा, जरा वाईच बसा, पाय हलवू नका."

आण्णांना असं सांगणारं गावात कुणी नव्हतं. ते चक्क बसले. अनुजानं ठोकळे लावले: गोल फिर, गोल फिर, मग पुढं. मी जागच्या जागी गरकन फिरलो. टोक आण्णांच्या पायाखाली दाबलेलं, त्यामुळं हाराचा एक वेढा सुटला, मग दुसरा सुटला आणि हार जमिनीवर पडला. डोळ्यांसमोर लख्ख उजेड! मी सुसाट पुढं निघालो आणि आण्णांच्या पायाशी जाऊन थांबलो.

"आयला! पाया पडतंय की माझ्या!" आण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काय संस्कार हाईत डब्यावर! गणपतराव, पोती हलवा!"

मित्रांनो, खरं सांगतो, मी पाया पडलो नव्हतो. पाय आडवे आले म्हणून थांबलो होतो. पण हे सांगायला मला तोंड नाही, आणि असतं तरी मी सांगितलं नसतं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. यंत्र अडलं तर त्याला टपल्या मारू नका. आपण त्याला काय सांगितलं होतं ते आठवा, त्याचे डोळे पुसा आणि त्याच्या वाटेत काय आलंय ते बघा.

पहिल्या शनिवारी खोलीला पेंडेचा वास होता, पण पोरांना बसायला जागा नव्हती इतकी गर्दी झाली. आण्णा आले, हातात पुन्हा झेंडूचा हार! मला धडकीच भरली. पण ते माझ्याजवळून पुढं गेले आणि त्यांनी तो हार अनुजाच्या गळ्यात घातला. तिनं रीतीप्रमाणं तो लगेच काढला आणि माझ्या मागच्या बाजूला, चाकांपासून लांब, नीट ठेवला.