मास्तरांच्या छातीतला फुगा

हसा, पण ऐका. मी एक फुगा. मला रंग नाही, दोरा नाही. वीतभर लांब, बोटाएवढा जाड. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला एका बारीक नळीभोवती गुंडाळलं. मग पाकीट, खोकं, कपाट. वर्षभर मी फुगण्याची स्वप्नं बघत पडून होतो.

एका दुपारी मला अतिदक्षता विभागातल्या एका खाटेशेजारी आणलं. खाटेवर एक शाळामास्तर होते. सकाळी हृदयविकाराचा झटका आलेला. तुंबलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी मोकळी केली, तरी हृदय इतकं दमलं होतं की रक्त पुढे ढकलायची ताकदच त्यात उरली नव्हती.

"शांत झोपलाय. उठवू नका," मास्तरांचे थोरले भाऊ म्हणाले.

"शांत नाही काका, गार पडलेत!" लेक कडाडली. "हात लावून बघा ना! सकाळीही पित्त, पित्त म्हणत तीन तास घालवलेत."

"आवाज खाली. मोठ्यांशी बोलतेयस."

"ती बरोबर बोलतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लघवी थांबलीय. औषधं देऊनही रक्तदाब वर येत नाही. फुगा घालायला हवा. सही कोण करतंय?"

"फुगा? वाढदिवस आहे का? उद्या आमचे मेहुणे येतील, मग ठरवू."

"उद्या कुणासाठी ठरवणार?" लेकीने पेन ओढून घेतलं.

जांघेतल्या धमनीतून मी वर वर गेलो आणि हृदयाच्या अलीकडे तरंगू लागलो. आत दिवस नव्हता, रात्र नव्हती. नुसती लाल, संथ नदी. बाहेरच्या यंत्राच्या तालावर, ठोका पडताना मी मिटायचो, रक्ताला वाट करून द्यायचो. हृदय विसावलं की फुलायचो आणि त्याच्याच रक्तवाहिन्यांत रक्त लोटायचो. तू दम खा, मी आहे.

बाहेर काका भावाची पावलं धरून बसत. "पोरी, कोमट लागतायत ना गं?"

"हो," ती म्हणे. रागातच.

तिसऱ्या दिवशी माझं काम कमी केलं. आधी एक ठोका सोडून, मग दोन सोडून. मधल्या रिकाम्या वेळात मी कान देऊन ऐकायचो. हृदय एकटंच चालत होतं. अडखळत, पण चालत होतं.

आज मला काढलं. एकदा वापरलेला फुगा पुन्हा वापरत नाहीत. मी कचऱ्याच्या लाल पिशवीत चुरगळून पडलोय. पडद्यापलीकडून मास्तरांचा घोगरा आवाज येतोय, "एवढी कुणावर रागावलीस गं?"

लेकीने नाक ओढल्याचा आवाज तेवढा येतोय.

कुणीतरी पिशवीला गाठ मारतंय. थांबा हो जरा. तिचं उत्तर ऐकू द्या.