दोन ते चार

लिनक्सच्या वर्गात सरांनी पिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून ओ येते का बघणं, शिकवलं, तेव्हा सरावासाठी मी वडगावातल्या आमच्या मागाच्या खोलीतला कॅमेरा निवडला. आप्पा, माझे वडील, तिथं दिवसभर एकटेच साड्या विणायचे. माझा लॅपटॉप दर मिनिटाला त्या कॅमेऱ्याला हाक मारायचा; ओ आली नाही की माझा फोन वाजायचा. "आता आप्पांवर माझं लक्ष आहे," असं मी आईला ऐटीत सांगितलं होतं.

पण वडगावात रोज दुपारी दोन ते चार वीज जाते, की कॅमेराही बंद. भर वर्गात फोन कोकलायचा, पोरं हसायची आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली: दोन ते चार कळवायचं नाही. सर म्हणाले, "हुशार आहेस."

त्या मंगळवारी वीज गेलीच नाही. अडीचला मागाच्या वायरीनं पेट घेतला. आप्पा आत होते.

लॅपटॉपमधली नोंद मी नंतर वाचली. दोन एकतीस, ओ नाही. दोन बत्तीस, ओ नाही. मेल्या यंत्रानं सांगितलं तेवढंच केलं. बरोबर चारला फोन वाजला.

लोक वायरीला शिव्या देतात. आई देत नाही. ती माझ्याकडं बघून एवढंच विचारते, "तुझा फोन आधी वाजला न्हाय व्हय गं?"