तुडुमावरचा कोंबडा

सोमाजीने सदरा काढून तलावाच्या पाळीवर ठेवला, वर दगड ठेवला आणि धोतर घट्ट खोचले. तो पाण्यात उतरणार तोच त्याचा चुलता देवाजी आडवा आला. त्याच्या काखेत लाखांदूरच्या बाजारातून आणलेला तांबडा कोंबडा होता आणि हातात सुरी.

"कोंबडा कापल्याबिगर उतराचं नाही."

"काकाजी, मी आता येशूचा झालो. तुम्ही कापा, माही ना नाही."

"पानकरानंच कापाचा असते. तुह्या बापानं एकच साल नाही कापला."

"आठवते मले," सोमाजी म्हणाला.

सोमाजी गावचा पाणकर, तलावाचे पाणी शेताशेताला वाटून देणारा. त्र्याहत्तर सालचा दसरा तोंडावर आला होता. धान निसवत होता आणि पावसाने केव्हाच पाठ फिरवली होती. तलावाच्या तळाशी पाणी सोडायचे तुडूम. बुडी मारून त्याचा लाकडी दट्ट्या उपसावा लागे. त्याआधी देवीला कोंबडा द्यायची रीत होती. ती चुकली त्या साली सोमाजीचा बाप याच तुडुमाशी बुडाला. पोरक्या सोमाजीला देवाजीने वाढवले, पण स्वतः तलावात पुन्हा पाय म्हणून घातला नाही. तेव्हा म्हातारा उगाच अडून बसला नव्हता. काळजी करणारे माणूस फार हट्टी असते.

"नाही त इश्वरले पानकर करू!" मागे जमलेल्या शेतकऱ्यांतून गोमाजी ओरडला. "धान मरून राहिला अन् याले धरम सुचून राहिला!"

इश्वर आपल्या सोयऱ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, आधी भरील आणि कालव्याच्या टोकाची गोदावरीबाईची बांधी कोरडी राहील, हे सोमाजीला पक्के ठाऊक होते. पाणी सगळ्यांना सारखे पोचवणे ही त्याला प्रार्थनेइतकीच देवाची चाकरी वाटे. ती तो सोडणार नव्हता.

देवाजीने आवाज खाली आणला. "सुरीले नुसता हात लाव, बापा. कापतो मी. येशूले सांगाले कोन जाऊन राहिला?"

लोक हसले. खरेच, नुसता हात तर लावायचा! सोमाजीचा हात पुढे झालासुद्धा. तेवढ्यात काखेतला कोंबडा मान ताणून आरवला.

सोमाजीचा हात तिथेच थांबला. गेल्या रविवारी पाद्रीबाबांनी पेत्राची गोष्ट सांगितली होती. येशूला धरून नेले तेव्हा त्याचा हा चेला जिवाच्या भीतीने तीनदा म्हणाला, मी याला ओळखत नाही. आणि लगेच कोंबडा आरवला. "कसा भेदरट मानूस व!" असे सोमाजी घरी येऊन आनंदाबाईला, बायकोला, हसत म्हणाला होता. आता त्याला पेत्राची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

"नाही काकाजी. हातही नाही लावत. अन् पानीही मीच सोडतो."

ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून त्याने बुडी मारली.

पाण्यावर वलये उठली आणि विरली. दट्ट्या फुगून बसला असावा. गोमाजी उगीच खाकरला. बायांनी पदर तोंडाला लावले. सोमाजी काही वर येईना.

अखेर पाळीपलीकडे कालव्यात पाणी धो धो पडू लागले आणि सोमाजीचे डोके वर आले. लोक ओरडत कालव्याकडे धावले. डोळ्यांतले पाणी पुसून सोमाजी पाहतो तर काय, देवाजी पागोट्यासकट छातीभर पाण्यात उभा!

"काकाजी, तुम्ही? पान्यात?"

"तोंड धुवाले उतरलो," देवाजी म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"अन् कोंबडा?"

देवाजीने रिकाम्या काखेकडे पाहिले. सुरीही कुठे पडली होती कोण जाणे. कोंबडा पाळीवर सोमाजीच्या सदऱ्याशेजारी माती उकरत होता.

"पकड त्याले. घरी ने," देवाजी म्हणाला. "कापू नको. पाळ."

सोमाजीने आधी काकाचा हात धरला.