मनकर्णाला मिळालेला खो

मित्रांनो, नेकनूरजवळच्या एका गावात मी मैदानावर उभा असतो. मी खो-खोचा जुना खांब आहे. म्हाळू सुताराने मला बाभळीतून घडवलं आणि कुणाच्या हातात लाकडाची कूस भरू नये म्हणून घासून गुळगुळीत केलं.

पोरी धावत यायच्या, मला धरून गर्रकन वळायच्या. पण मला कुतूहल होतं ते शेळ्या राखणाऱ्या, वयाने पोक्त मनकर्णाचं. ती रोज संध्याकाळी बांधावर बसून खेळ पाहायची. कुणी खो दिला की तिचेही पाय हलायचे. मग ही खेळत का नाही? मला कळेना.

एके दिवशी मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचं ठरलं. मला उपटून मैदानाकडेच्या भिंतीशी टाकलं. कोंबड्या अंगावर बसू लागल्या, एका टोकाला वाळवी लागली.

पुढे त्याच मैदानावर ग्रामसभा भरली. सरपंच कल्याणराव म्हणाले, "गाळ्यांनी गावाचा फायदाच हाय. खेळ काय, कुठंबी खेळता येतो."

वकिली शिकणारी योगिता उठली. "काका, लेकरांना खेळायचा हक्क हाय. आपल्या देशानं तो मान्य केलाय. मैदानच गेलं तर पोरींनी खेळायचं कुठं?"

खेळायचा हक्क? मी तर समजत होतो, काम उरकून सवड उरली तर खेळ!

तेवढ्यात मनकर्णा उभी राहिली. "योगिता, त्यो हक्क लेकरांनाच हाय का? मी लेकरू व्हते तवा शेळ्या राखीत व्हते. माझा खेळ ऱ्हायलाच की."

काही जण हसले. योगिता हसली नाही. "सगळ्यांनाच हाय, मावशी. इसावा अन् करमणूक, ह्योबी माणसाचा हक्कच हाय."

"मंग आमचं मैदान का म्हून घेता, सरपंच?"

कल्याणरावांनी सभेवर नजर फिरवली. मग म्हणाले, "मैदान ठिवायचं त्यांनी हात वर करा."

आधी बायांचे हात वर गेले, मग बापयांचे. गाळे रस्त्याकडे बांधायचं ठरलं. म्हाळूने माझं वाळवी लागलेलं टोक कापून मला पुन्हा रोवलं.

त्या संध्याकाळी योगिताने शेळ्या सांभाळल्या. मनकर्णा पदर खोचून पोरींच्या रांगेत बसली. पाठीवर थाप पडली, "खो!" ती उठली, धावली, अडखळली आणि तिने मला घट्ट धरलं. काठीने राठ झालेला तो तळवा मला पहिल्यांदाच लागत होता.

"दम लागला गं बाई!" ती हसत म्हणाली. "पर थांबू नगा!"

मित्रांनो, तुमच्या गावचं मैदान जपा. कुणाचं तरी बालपण अजून खेळायचं राहिलेलं असतं.