आधी जी उतरेल ती

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आमच्या घरात जेवणावरून भांडणं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले होते, "दोन्ही बहिणींचं तुमच्याशी जुळतंय, ओस्वाल्दो. पण दोघींचं वजन जास्त आहे. जी आधी उतरेल तिचं मूत्रपिंड घेऊ." तेव्हापासून माझा जीव दोन ताटांवर टांगलेला.

थोरली नुबियाताई शाळेत गणित शिकवते. ती भात काट्यावर तोलायची, अंड्याच्या कॅलरी मोजायची आणि दिवसभर चिमणीसारखं टिपत राहायची. धाकटी यादिरा दुपारी बारापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. मग रात्री आठपर्यंत हवं ते खायची.

"एकादशी अन् दुप्पट खाशी," ताई टोमणा मारायची.

"आणि तू? तू जेवतेस की पेपर तपासतेस?"

आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखंच उतरतं. जिला जी निभेल ती चांगली." असलं गुळमुळीत उत्तर ऐकून माझं डोकंच फिरलं. पद्धत गेली खड्ड्यात, मला जगायचं होतं.

सुरुवातीला यादिराचं वजन भराभर उतरलं. मी मनातल्या मनात तिच्यावर पैज लावून बसलो. मग ते अडलं ते अडलंच. ताईचं मुंगीच्या पावलांनी उतरत होतं. दर रविवारी आईकडे वजनकाटा निघायचा आणि त्यावरचा आकडा त्यांच्याआधी मी वाचायचो. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागायचं नाही.

यादिराच मला मोटारसायकलवरून डायलिसिसला न्यायची आणि संपेपर्यंत बाहेर थांबायची. एका सकाळी यंत्र बिघडलं म्हणून मला लवकर सोडलं. बाहेर आलो, तर समोरच्या तळणीच्या गाडीवर यादिरा उभी. हातात अंडं भरून तळलेली अरेपा, मक्याची जाड पुरी. माझं टाळकं सणकलं. बारांकिया शहराच्या या उकाड्यात मी पथ्यापायी घोटभर पाण्याला महाग, आणि ही इथे चरतेय. हाक मारणारच होतो, तेवढ्यात ती खात कशी होती ते दिसलं. भुकेलं माणूस असं खात नाही. डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तसा एकेक घास ती घशाखाली ढकलत होती. एक संपली. तिने दुसरी मागितली.

मी परत आत जाऊन बाकावर बसलो. ती मुद्दाम वजन उतरू देत नव्हती. उतरलं, तर ऑपरेशनच्या टेबलावर तिलाच झोपावं लागणार होतं. पदरात तीन वर्षांची जुळी, नवरा बोटीवर. मला तिचा राग आला, आणि राग येतोय याचाही राग आला.

रविवारी आईने नारळाचा भात केला होता, मासे तळले होते. बारा वाजायला अवकाश होता. यादिरा घड्याळाकडे बघत पाण्याचा ग्लास फिरवत बसली होती. मी ताट भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"खा."

"दादा, अजून वेळ झाली नाही."

"खा गं. गाडीवरच्या तळणापेक्षा हे बरं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला भीती वाटते रे," ती एवढंच म्हणाली.

"माहीत आहे. आता हे वजनाचं पुरे. डॉक्टरांना मी सांगतो."

ती रडत रडत खायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला फार हलकं वाटलं, आपण कोणीतरी मोठे झालो असं वाटलं.

समोर ताई बसली होती. आपल्या ताटातला तोलून घेतलेला भात तिने पाहिला आणि त्यातला अर्धा उचलून पातेल्यात परत टाकला. मग माझ्याकडे बघितलं.

तिला मी "खा" म्हणालो नाही.